उतारवयातील पोट: ताट आकसू देऊ नका

पत्र

मी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून फोंडा तालुक्यात राहते. यजमान ७१ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे व ते बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेतात. गेल्या आठ महिन्यांपासून मला शौचाला साफ होत नाही, कुंथावे लागते, पोट गच्च राहते आणि गॅस होतो. गॅस नको म्हणून मी अळसांदे (गावठी चवळी), वाल, चणे बंद केले. साखर वाढेल या भीतीने आम्ही दोघांनी भात आणि सकाळची पेज सोडून ओट्स सुरू केले. ॲसिडिटीमुळे मी मासळी आणि दूध वर्ज्य केले. रात्री चहा आणि टोस्ट घेऊन झोपते. वजन ५८ किलोंवरून ५४ वर आले, ते मला बरेच वाटते. ॲसिडिटीची गोळी पाच-सहा वर्षे रोज चालू आहे. त्याखेरीज रक्तदाबाची, कॅल्शियमची आणि हिमोग्लोबिन ९.८ आल्यामुळे लोहाची गोळी घेते. बंगळूरला असलेल्या मुलाने प्रोबायोटिक कॅप्सूलची बाटली पाठवली आहे आणि शौचातील जिवाणूंची तपासणी करून घे, असा त्याचा आग्रह आहे. शेजारीण रोज रात्री चूर्ण घ्यायला सांगते. आतडी निरोगी राखली तर म्हातारपण लांबते, असे सगळीकडे वाचायला मिळते. मी नेमके काय करावे?

— एक वाचक, फोंडा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅप्सूल, चूर्ण आणि जिवाणूंची तपासणी यांविषयी आपण विस्ताराने विचारले आहे आणि त्या प्रत्येकाचे उत्तर पुढे देणारच आहे. परंतु ज्या दोन गोष्टी आपण जाता जाता लिहून गेलात, त्यांना मला आधी हात घालावा लागेल. आठ महिन्यांत वजन चार किलोंनी उतरले आहे आणि हिमोग्लोबिन ९.८ आहे. या दोन्हींच्या जोडीला शौचाची नेहमीची सवय बदललेली आहे. यांतील एखादीच गोष्ट असती तर आधी आहार सुधारून पाहा, असे मी म्हटले असते. तिन्ही एकत्र आल्या असताना आणि वय ६६ असताना आहाराचा सल्ला देऊन थांबणे मला योग्य वाटत नाही.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातून दरमहा रक्त जात नाही, त्यामुळे या वयात लोह कमी पडले तर ते का कमी पडले, याचा शोध घ्यावाच लागतो. एक तर ते आहारातून पुरेसे येत नसते, किंवा आलेले नीट शोषले जात नसते, किंवा पचनमार्गात कुठेतरी थोडेथोडे रक्त झिरपत असते. या झिरपण्यामागे मूळव्याध, जठरातील व्रण, गुडघेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मोठ्या आतड्यातील पॉलिप (अस्तरावर वाढलेली लहान गाठ) आणि कधी कधी कर्करोगही असू शकतो. आपल्या बाबतीत पहिली दोन कारणे पुरेशी ठरण्याची शक्यता बरीच आहे, कारण आपण मासळी आणि कडधान्ये दोन्ही सोडली आहेत आणि ॲसिडिटीची गोळी दीर्घकाळ घेत आहात. तथापि, शक्यता आहे म्हणून तिसरे कारण गृहीतच न धरणे हा धोका पत्करण्याजोगा नाही. सहा महिने ते वर्षभरात मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक वजन, ते कमी करण्याचा प्रयत्न नसताना उतरले तर डॉक्टर त्याची दखल घेतात, आणि आपले उतरलेले वजन सात टक्क्यांच्या जवळ जाते.

म्हणून या आठवड्यातच आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि हे तिन्ही मुद्दे एका दमात सांगा. हिमोग्लोबिनच्या जोडीला फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड, कॅल्शियम आणि साखर यांच्या तपासण्या ते सांगतील, आणि पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवून दुर्बिणीने तपासणी करावी का, हेही ठरवतील. खाजगीत जाणे जमत नसेल तर फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) पाठवणी होऊ शकते. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने तपासणीच्या, नावाने अनेक जण धास्तावतात; तिची अवघड बाजू म्हणजे आदल्या दिवशी पोट पूर्ण मोकळे करण्यासाठी घ्यावे लागणारे औषध, प्रत्यक्ष तपासणी बहुधा गुंगीच्या इंजेक्शनखाली होते. एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या: लोहाच्या गोळीने शौच काळपट होते, त्यामुळे रक्तामुळे आलेला काळेपणा त्यात लपून राहू शकतो. शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि विलक्षण दुर्गंधीचे झाले, त्यात लाल रक्त दिसले, किंवा पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि वारा सरणेही बंद झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

आता आपल्या गोळ्यांविषयी. आपण लिहिलेल्या चार गोळ्या मी एकापुढे एक मांडून पाहिल्या, तेव्हा बद्धकोष्ठाची बरीचशी उकल तिथेच झाली. लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम कार्बोनेट ही दोन्ही शौच घट्ट करणारी म्हणून ओळखली जातात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही आतड्यांची हालचाल मंदावते. त्यातच लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतले तर कॅल्शियम लोहाचे शोषण रोखते. ॲसिडिटीची गोळी जठरातील आम्ल कमी करते. परंतु वनस्पतिजन्य लोह, कॅल्शियम कार्बोनेट आणि बी-१२ यांच्या शोषणासाठी तेच आम्ल लागते. म्हणजे एक गोळी दुसरीचा परिणाम पुसत आहे, आणि त्रास मात्र साऱ्यांचा होत आहे. यावर उपाय डॉक्टरांकडेच आहे: कॅल्शियम सायट्रेट हा आम्लावाचून शोषला जाणारा प्रकार आहे, लोह दिवसाआड दिले तरी चालते का हे पाहता येते, आणि ॲसिडिटीच्या गोळीची आज खरोखर गरज आहे का, हा प्रश्न पाच-सहा वर्षांनी विचारायलाच हवा. मात्र ती गोळी मनाने एकदम थांबवू नका. तसे केल्यास आम्ल काही आठवडे उसळी मारून वर येते, आणि मग गोळीवाचून आपले चालतच नाही असा गैरसमज होऊन बसतो. ती हळूहळू उतरवावी लागते. डॉक्टरांकडे जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक औषधांसह, पिशवीत घालून न्या. तोंडी सांगताना नेमकी एखादी राहून जाते.

शेजारणीचे चूर्ण तूर्त बाजूला ठेवा. अशा बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते आणि तिचा गुण येतो, हे खरे आहे. डॉक्टरही ती थोड्या दिवसांसाठी देतात. पण कारण शोधायचे असताना रोज रेचक घेत राहिल्यास लक्षणे झाकली जातात, आणि मात्रा वाढत गेली तर शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते. इसबगोल तुलनेने सौम्य आहे. तपासणीनंतर आतड्यात कुठे अडथळा नाही असे कळल्यावर ते घेण्यास हरकत नाही, मात्र चमचाभर इसबगोलामागे पेलाभर पाणी हवेच आणि इतर गोळ्यांपासून ते दोन तास दूर ठेवावे.

मुलाने पाठवलेल्या बाटलीकडे वळतो. त्यामागची त्याची काळजी मोलाची आहे आणि त्याला तसे आवर्जून सांगा. परंतु प्रोबायोटिक हे एकच एक औषध नव्हे; त्यांत वेगवेगळ्या जातींचे आणि उपजातींचे जिवाणू असतात, एकाचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही, आणि बहुतेक कॅप्सूलमधील पाहुणे आपल्या आतड्यात कायमचे मुक्काम करत नाहीत. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा बहुतांश पोटविकारांसाठी प्रोबायोटिक घ्यावे असे म्हणण्याइतका आधार त्यांना मिळाला नाही. अँटिबायोटिक चालू असताना होणारा एक विशिष्ट संसर्ग टाळणे, अशा मोजक्या प्रसंगी त्यांचा उपयोग त्यांनी मान्य केला. बाटली आणलीच आहे आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करणारे कोणतेही औषध चालू नाही, तर डॉक्टरांना विचारून ती संपवण्यात मोठे नुकसान नाही, पण दुसरी मागवू नका. जिवाणूंच्या तपासणीवर मात्र एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोगी माणसाच्या आतड्यांत नेमके कोणते जिवाणू किती असावेत, याचे सर्वमान्य प्रमाण आज ठरलेले नाही. त्यामुळे रंगीत आलेखांचा तो अहवाल हाती आल्यावर कोणताही डॉक्टर त्याच्या आधारे आपले औषध बदलू शकणार नाही.

आपल्या मोठ्या आतड्यात जे काही चालते, ते समजून घेतले की आहाराचे बाकीचे उत्तर आपोआप उलगडते. शरीरातील जिवाणूंची संख्या साधारणपणे आपल्या स्वतःच्या पेशींइतकीच, म्हणजे तीस-चाळीस लाख कोटींच्या घरात आहे, आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. आपण खाल्लेल्या अन्नातील साखर, पिष्ट, प्रथिने आणि चरबी यांतील बराचसा भाग लहान आतड्यातच शोषला जातो. खाली पोहोचतो तो मुख्यतः आपल्याला न पचलेला तंतूंचा (फायबरचा) भाग. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन हेच ब्युटिरेट आहे; त्यावर ते अस्तर घट्ट राहते आणि दाह आटोक्यात राहतो. तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू अस्तरावरच्या श्लेष्म्याच्या थराकडे वळतात. फोंड्याच्या परिसरातील कुळागर आपल्या नित्य परिचयाचे आहे. पोफळ, माड, केळ, फणस, मिरवेल अशी सरमिसळ असली की एखाद्या पिकावर रोग आला तरी बाग उभी राहते, तसेच आतड्यांतील जिवाणूंचे आहे, आणि त्यांची ही विविधता राखायची तर ताटातही वनस्पतींची विविधता लागते.

म्हणूनच आपल्या पत्रातील सर्वांत चिंतेचे वाक्य मला बद्धकोष्ठाचे वाटत नाही. हे बंद केले, ते सोडले, तेही वर्ज्य केले, अशी जी यादी आपण दिली आहे, ती खरी चिंतेची आहे. एकेका तक्रारीसाठी एकेक पदार्थ काढून टाकता टाकता ताटात ओट्स, चहा आणि टोस्ट उरले. उतारवयात आहार असाच आकसत जातो: दात दुखतात म्हणून कडधान्ये जातात, एकट्या-दुकट्यासाठी कोण वाटण वाटणार म्हणून हुमण (माशांची आमटी) जाते, बाजार लांब म्हणून पालेभाजी जाते, आणि प्रत्येक वेळी हे कमी खाणे पथ्य म्हणून कौतुकास पात्र ठरते. माझा सल्ला याच्या नेमका उलट आहे. सोडलेले पदार्थ एकेक करून परत आणा.

आरंभ पेजेपासून करा. ओट्समध्ये वाईट काही नाही, त्यांतील बीटा-ग्लुकन हा तंतू कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करते आणि आवडत असतील तर आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खावेत. पण पेजेची जागा त्यांना द्यावी, असा अपराध पेजेने केलेला नाही. उकडा तांदूळ सालीसकट वाफवला जातो, तेव्हा सालीखालच्या थरातील ब जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्याच्या आत उतरतो आणि सडल्यावरही टिकतो. तांबूस कोंडा अंगावर राहिलेला गावठी उकडा मिळाला, किंवा खाजनातला, म्हणजे खाऱ्या जमिनीतला, कोरगुट तांदूळ मिळाला, तर अधिक चांगले. पेजेत उणीव आहे ती जोडीची. नुसती पातळ पेज आणि चेपणीचे तोर (मिठात मुरवलेली कैरी) किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा, असे खाल्ले तर पोटात पाणी, पिष्ट आणि मीठ एवढेच जाते, आणि रक्तदाबाच्या माणसाला त्यातील मीठ बाधते. दिवसाचे सारे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभर, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा पेज थोडी दाट करा, वाटीभरच वाढून घ्या, आणि तिच्याबरोबर अळसांद्यांचे तोणाक (वाटणाची उसळ) किंवा मोड आलेल्या मुगाची मुगागाठी अर्धी वाटी तरी घ्या. तोर तोंडी लावण्यापुरते, नखाएवढे. आठवड्यातून काही दिवस तांदळाऐवजी नाचणीची आंबील किंवा भाकरी करा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या सडीक तांदळात सुमारे ३. दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू आहारातून यावेत, हे उद्दिष्ट समोर ठेवले तर हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते ध्यानात येईल.

कडधान्यांनी गॅस होतो, ही आपली तक्रार खरी आहे. त्यांतील रॅफिनोज गटातील शर्करा आपल्याला पचत नाहीत, जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. हा वायू म्हणजे बिघाड नव्हे, पण त्याचा त्रास होत असेल तर तो सोसलाच पाहिजे असेही नाही. अळसांदे आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावेत, सकाळी ते पाणी ओतून द्यावे, शक्य असल्यास एक दिवस मोड येऊ द्यावेत, मग नव्या पाण्यात बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवावेत. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन मोठे चमचे, दुसऱ्यात चार, असे वाढवत अर्ध्या-पाऊण वाटीपर्यंत जावे. सुरुवात मुगाने केली तर आणखी सोपे. आतड्यांतील जिवाणूंना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यानंतर गॅस पुष्कळ उणावतो. एकाच दिवशी वाटीभर चणे, कोशिंबीर आणि इसबगोल सुरू करणारे लोक तिसऱ्या दिवशी सगळेच सोडून देतात.

भाज्यांच्या बाबतीत गोव्यात राहणाऱ्याला मी वेगळे काय सांगावे? तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, केळफूल, नीरफणस, सुरण, कुवाळा, भेंडी. पावसाळ्यात तायकिळा, अळू, कुड्डूकाची भाजी. चतुर्थीच्या दिवसांत खतखते, ज्यात एकाच टोपात कितीतरी प्रकारच्या भाज्या आणि कंद पडतात. आतड्यांच्या दृष्टीने याहून चांगला पदार्थ शोधूनही सापडणार नाही, आणि तो वर्षातून एकदोनदाच का व्हावा, हे मला कळत नाही. लहान प्रमाणात, चार-पाच भाज्या आणि मूठभर तुरीची डाळ घालून तो आठवड्यातून एकदा सहज होतो. फळांत पेरू, पपई, केळी, चिबूड, जे त्या त्या मोसमात बाजारात असेल ते, पण रस काढून नव्हे. रस काढला की तंतू गाळणीतच राहतात.

आंबवलेल्या पदार्थांविषयी एक घोटाळा सर्वत्र दिसतो, तो दूर करतो. सोलकढी आंबट असते, पण ती आंबवलेली नसते. तिची आंबटाई सोलांतील आम्लांची आहे. जेवणाच्या शेवटी ती घेतल्याने बरे वाटते आणि ती अवश्य घ्यावी, पण तिच्यात प्रोबायोटिक जिवाणू आहेत हे म्हणणे खरे नाही. सान्ने आणि इडली आंबवलेल्या पिठाची खरी, मात्र वाफेवर त्यातील जिवाणू मरतात. आंबवण्याने ते पदार्थ पचायला हलके होतात, तो फायदा मात्र टिकतो. जिवंत जिवाणू हवे असतील तर घरी विरजलेले दही आणि न तापवलेले ताक हाच आपल्याकडील सोपा मार्ग. २०२१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी प्रौढांवर केलेल्या छोट्या अभ्यासात, दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहदर्शक अशी १९ प्रथिने घटली. एवढ्याशा संख्येवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण दुपारच्या जेवणाबरोबर पेलाभर ताक घ्यायला एवढा आधार पुरे आहे. दूध पचत नसले तरी दही-ताक अनेकांना चालते, कारण विरजणात दुधातील लॅक्टोज ही साखर काहीशी कमी होते.

मासळी आपण का सोडलीत, ते मला समजले नाही. ॲसिडिटी बहुधा तळणाची, तिखटाची किंवा उशिराच्या जेवणाची असते, बांगड्याची नसते. बांगडा आणि तारले ही स्वस्तातली मासळी ओमेगा-३ मेदाम्ले, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व देते, तिच्यातील लोह वनस्पतीतील लोहापेक्षा सहज शोषले जाते, आणि तारल्यांचे मऊ काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. साध्या हुमणात, तिखट कमी करून, आठवड्यातून तीन-चार वेळा ती ताटात यावी. साठीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. आपल्यासाठी ती दिवसाला ५४ ते ६५ ग्रॅम होतात. वाटी-वाटी शिजवलेले कडधान्य दोन वेळा, एक अंडे, वाटीभर दही, शंभर ग्रॅम मासळी आणि रोजचा भात किंवा भाकरी-पोई (गोव्याचा पाव) मिळून हा आकडा गाठता येतो. सोमवार-गुरुवार आणि श्रावणात मासळी नसेल, तेव्हा कडधान्य, पनीर, दूध यांची भर घाला. दूध बाधत असेल तर दही वाढवा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागेल. चहा आणि टोस्ट या आकड्यात जवळजवळ काहीच भर घालत नाहीत. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण घटवतो, म्हणून तो जेवणापासून आणि लोहाच्या गोळीपासून तासभर दूर ठेवावा, आणि भाजीवर लिंबू पिळावे, त्यातील क जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करते. पोई आवडत असेल तर ती कोंड्याच्या पिठाची आहे की मैद्याला वरून कोंडा लावलेली, हे पोदेराला (पाववाल्याला) विचारून घ्या. आणि चावताना दुखते म्हणून खाणे टाळत असाल, तर दंतवैद्याची एक भेट कोणत्याही कॅप्सूलपेक्षा पोटाला अधिक उपयोगी पडेल.

रात्रीचे जेवण आठच्या सुमारास, साधे पण पूर्ण जेवण असावे, आणि त्यानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नये; एवढ्यानेच अनेकांची ॲसिडिटी गोळीवाचून आटोक्यात येते. वयानुसार तहान मंदावते, म्हणून तहान लागेपर्यंत थांबू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल, तर सहा ते आठ पेले द्रवपदार्थ दिवसभरात विभागून घ्यावेत. सकाळी काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. त्यामुळे पेज घेतल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, घाई न करता, शौचाला बसण्याची वेळ ठरवून टाका. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि उकिडवे बसल्यासारखा कोन मिळून कुंथावे लागत नाही.

चालण्याविषयी आपण काही लिहिले नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीने चालणे, आणि त्याखेरीज तोल सांभाळण्याचे व स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, ही आपल्या वयासाठीची शिफारस आहे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, हा व्यायाम स्वयंपाकघरातही होतो. पावसात पायवाटा निसरड्या असतात, तेव्हा घरातल्या घरात, माजघरातून व्हरांड्यापर्यंत फेऱ्या घाला, पण चालणे थांबवू नका.

राहता राहिला म्हातारपण लांबवण्याचा प्रश्न. तो नवा नाही. १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांचे असे मत होते की, मोठ्या आतड्यातील सडणारे जिवाणू विषे निर्माण करतात आणि त्यांमुळे माणूस लवकर म्हातारा होतो. त्यावर उपाय म्हणून ते स्वतः रोज विरजलेले दूध घेत. १९१६ मध्ये ते ७१ व्या वर्षी वारले आणि त्यांचा तो सिद्धान्त त्या रूपात टिकला नाही. आज जे कळले आहे ते अधिक माफक आणि माझ्या मते अधिक उपयोगाचे आहे. आयर्लंडमध्ये १७८ वृद्धांच्या अभ्यासात, २०१२ मध्ये असे दिसले की, स्वतःच्या घरी राहून विविध आहार घेणाऱ्यांच्या आतड्यांतील जिवाणू अधिक विविध होते, तर दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहून ठरावीक जेवण जेवणाऱ्यांमध्ये ही विविधता घटली होती, आणि त्या घटीचा दुबळेपणाशी संबंध होता. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. म्हणून पुढचा अभ्यास महत्त्वाचा: पाच युरोपीय देशांतील ६५ ते ७९ वयाच्या ६१२ जणांपैकी काहींना वर्षभर भाज्या, कडधान्ये, फळे, मासळी आणि ऑलिव्ह तेल यांवर भर असलेला आहार दिला गेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांनी तो नीट पाळला त्यांच्या आतड्यांत उपयुक्त जिवाणू वाढले, दाह कमी झाला, आणि चालण्याची गती व स्मरणशक्ती यांत सुधारणा आढळली. आयुष्य किती वर्षांनी वाढले, याचे उत्तर या अभ्यासांत नाही, आणि कॅप्सूल विकणाऱ्यांकडेही नाही. ज्या वयापर्यंत आपण जगू त्या वयात स्वतःच्या पायांनी बाजारात जाता यावे, एवढे मागणे आहाराकडे करता येते.

यजमानांविषयी दोन शब्द. त्यांच्यासाठी भात पूर्ण बंद करण्याची गरज नाही; शिजवलेला भात वाटीने मोजून वाढावा, ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा असावा, जेवणाची सुरुवात भाजी आणि कडधान्याने करावी, आणि बदल केल्यावर जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून आपले प्रमाण ठरवावे. साखरेच्या इतर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा बदल डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकते, आणि तळपायांची जळजळ किंवा बधिरता केवळ मधुमेहामुळे आहे असे समजून ती कमतरता दुर्लक्षित राहते. त्यांची बी-१२ ची तपासणी याआधी झालेली नसेल, तर आपल्या रक्ताच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या. दोघांचे अहवाल आले, की आपल्या आठवडाभराच्या खाण्याची टिपण लिहून मला पाठवा. बिस्किटे आणि चहासुद्धा त्यात लिहा.

आपला,
सदरलेखक